नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात होत नाही?

‘विवाहित बाईचा गर्भपात करायचा तर नवऱ्याची सही लागतेच, तसा कायदा आहे.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. कायदा मात्र तसं म्हणत नाही.

भारतात गर्भपाताचा कायदा 1971 चा. त्यातल्या कलम 3 चं चौथं उपकलम काढून वाचा, दोनच छोटे परिच्छेद आहेत. बाई 18 वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती. बाकी सगळ्यांसाठी फक्त त्या गर्भवतीची स्वतःची. ‘नवरा’ हा शब्दच तिथे नाही. म्हणजे त्याने परवानगी द्यायचा प्रश्न नाही, आणि तिची इच्छा नसताना त्याच्या सहीवर गर्भपातही करता येत नाही. हा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही.

दुसरा पुरावा संमतीपत्राचा, ‘फॉर्म सी’चा. त्यात ‘अमक्याची मुलगी किंवा पत्नी’ असा रकाना असतो, पण तो ओळखीपुरता. सही तिचीच.

मग समज आला कुठून? बरीच रुग्णालयं पुढे भांडण नको म्हणून नवऱ्याची सही मागतात. बाईला तो नियमच वाटतो, यात तिची चूक नाही. अशा वेळी ‘हे कुठल्या कलमात आहे?’ असं शांतपणे विचारावं.

आठवड्यांची मर्यादा आणि डॉक्टरांचं मत या अटी खऱ्या आहेत, त्या पाळाव्याच लागतात. नसबंदीसाठीही सरकारी मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराची संमती आवश्यक धरलेली नाही.

नवऱ्याशी बोलायचं की नाही, हे ती ठरवेल.