मेट्रिक मापनपद्धतीचा स्वीकार (सोलापूर जिल्हा)

मेट्रिक मापनपद्धतीचा स्वीकार : रूढ वजने-मापे बाजूला सारून मीटर, किलोग्रॅम व लिटर ही दशमान परिमाणे देशभर कायद्याने लागू करण्याची प्रक्रिया. भारतात ती १९५६ च्या कायद्याने सुरू झाली व १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतांशी पार पडली. सोलापूर जिल्ह्यात या बदलाची खोली व्यवसायागणिक निराळी आहे. अडत बाजारात तो पूर्ण झाला, जमिनीच्या बाबतीत कागदावर झाला, कापडाच्या मागावर मात्र अर्ध्यावर थांबला. पुढील विवेचनात मागाला अधिक जागा दिली आहे, कारण बदल नेमका कशाने अडतो हे तिथेच नीट दिसते.

जुनी परिमाणे : धान्य दोन प्रकारे मोजले जाई, कैली (मापाने) आणि वजनी. कैली मापांचा क्रम निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली असा दुपटीने चढतो. चार शेरांची पायली याबद्दल सहसा दुमत नाही. पायलीच्या पुढे मात्र कोष्टके जुळत नाहीत : काही अंकगणिताच्या पुस्तकांत बारा पायल्यांचा मण आहे, तर काहींत सोळांचा. वीस मणांची खंडी दोहोंत समान. हा फरक मुद्रणदोष मानण्यापेक्षा वेगवेगळ्या पेठांच्या चालीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सोलापूरच्या भोवती मुंबई इलाखा, निजामाचे राज्य आणि अक्कलकोटसारखे संस्थान यांच्या हद्दी एकमेकींना लागून होत्या, त्यामुळे गाडीभर ज्वारी एका पेठेतून दुसरीत गेली की तिचे मण बदलत. शिवाय माप शिगेचे (वर रास येईपर्यंत भरलेले) की सपाट हा वाद प्रत्येक खळ्यावर असेच. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती व काही ठिकाणी ती अजून आहे.

वजनी बाजूस पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. ऐंशी तोळ्यांचा हा शेर ९३३ ग्रॅमचा आणि मण ३७.३२ किलोग्रॅमचा ठरतो, पण तो फक्त ‘पक्का’. ‘कच्चा’ शेर गावोगाव निराळा होता. माल विकणाऱ्या कुणब्याला या दोहोंतले अंतर स्वतःच्या खिशातून भरावे लागे. मापे एकसारखी करण्याचा प्रश्न मुळात त्याचा होता, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

१८७१ चा अयशस्वी प्रयत्न : मेट्रिक पद्धत स्वातंत्र्यानंतरच भारतात आली हा समज पुरा खरा नाही. १८७० मध्ये व सुधारून पुन्हा १८७१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला होता. त्यात वजनाच्या मूळ परिमाणाला ‘शेर’ हेच नाव ठेवले, पण त्याचे मूल्य फ्रान्समधील प्रमाण किलोग्रॅमइतके धरले होते. म्हणजे नाव देशी व वजन मेट्रिक. हा कायदा अमलात आलाच नाही. काही लेखक व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या १८७२ मधील हत्येनंतर या विषयाचा पाठीराखा उरला नाही असे सुचवतात. इतरांचा भर इंग्लंडमध्येच मेट्रिक पद्धत सक्तीची झाली नव्हती या गोष्टीवर आहे. दुसरे कारण अधिक वजनदार दिसते : ज्या राज्यकर्त्यांची गिरणी, बंदूक आणि रेल्वे इंच-पौंडात होती, त्यांनी वसाहतीत किलो रुजवावा यात व्यापारी सोय नव्हती. पुढे १९१३-१४ च्या वजनमापे समितीने १८० ग्रेनच्या (ग्रेन हे इंग्रजी वजनाचे लहान परिमाण) तोळ्यावर आधारलेली पद्धत सुचवली आणि १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तोळा, शेर व मण यांना अधिकृत मूल्ये दिली. यामुळे एकसारखेपणाची अर्धी वाट चालून झाली होती, पण दशमानाची नाही.

१९५६ नंतर : भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक लाल चंद वर्मन यांनी मेट्रिक पद्धतीचा पुरस्कार सातत्याने केला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर ‘नवे पैसे’ झाले. ‘नवे’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत आली व १ एप्रिल १९६२ पासून देशभर सक्तीची झाली. प्रत्येक क्षेत्राला आधी ठरावीक मुदत, मग दोन्ही वजने चालण्याचा काळ, मग जुन्यावर बंदी, असा क्रम ठेवला होता. अंमलबजावणीसाठी मुंबई राज्याने १९५८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आज हे काम २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाखाली चालते.

बाजारपेठ : तागडीतली वजने जप्त करता येतात, त्यामुळे इथे बदल वेगाने झाला. सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा भाव क्विंटलने निघतो आणि कोणाला मण आठवत नाही. जुन्या अपूर्णांकांची भाषा मात्र नव्या परिमाणावर सहज बसली : पावशेरचा पाव किलो झाला, सव्वा, दीड, अडीच तसेच राहिले. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या पिढीला ‘१.२५ किलो’ हे लेखन परके वाटले असेल, पण सव्वा किलो नव्हे. सराफीत तोळा टिकला, मात्र ११.६६ ग्रॅमचा न राहता व्यवहारात दहा ग्रॅमचा झाला. नाव जुने व मूल्य दशमान, ही १८७१ ची युक्ती इथे आपोआप साधली.

जमीन : मुंबई इलाख्यातील मोजणी ३३ फुटी साखळीने होई. साखळीचे सोळा आणे, एक साखळी औरस-चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौरस फूट), चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारा उताऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) असते. अडचण अशी की गुंठा १.०११७ आरचा असल्याने दोन्ही एकच समजण्याची सवय पडली आहे. पाच एकर रान म्हणजे २०२.३४ आर. ते दोनशे धरले तर सव्वादोन गुंठ्यांहून अधिक जागा हिशेबातून निसटते. भावाभावांच्या वाटणीत एवढी जागा पुरेशी असते. खरेदीखत करताना आर आणि चौरस मीटर हेच आकडे प्रमाण मानावेत.

सूत आणि माग : १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूरच्या पहिल्या कापड गिरणीपासून, जिला लोक ‘जुनी मिल’ म्हणत, इथल्या सुताचा ‘नंबर’ इंग्रजी पद्धतीचा आहे. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तो त्याचा नंबर. ८४० हा आकडा रहाटावरून येतो : दीड वार परिघाच्या रहाटाचे ८० फेरे म्हणजे १२० वारांची ‘ली’ आणि अशा सात लीची लडी. वीस नंबर सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.

टेक्स ही मेट्रिक पद्धत याच्या उलट आहे. एक हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स, त्यामुळे आकडा वाढला की सूत जाड. रूपांतर ५९०.५ भागिले इंग्रजी नंबर. वीस नंबरचे २९.५ टेक्स होते. हिशेबाला टेक्स निर्विवाद सोपे आहे. समजा ताण्यात (मागावरच्या उभ्या धाग्यांत) २,४०० तारा आहेत व ताणा १०० वार लांब आहे. इंग्रजी पद्धतीत २,४०० गुणिले १०० भागिले (८४० गुणिले २०) करून १४.२९ पौंड येतात, मग ०.४५३६ ने गुणून ६.४८ किलो. टेक्समध्ये तारा, मीटर व टेक्स यांचा गुणाकार केला की ग्रॅम हाती येतात आणि ८४० ची गरज पडत नाही. तरी बोलण्यात नंबर टिकून आहे. याचे कारण हट्ट नव्हे. चिमटीत सूत धरून ‘हे वीसच्या वरचे आहे’ सांगणारा कारागीर आयुष्यभर बारीक म्हणजे मोठा आकडा असे शिकलेला असतो. टेक्सने त्याला आकडा नव्हे, दिशा बदलायला सांगितली.

त्याहून मोठी अडचण फणीची, म्हणजे ताण्याच्या तारा ठरावीक अंतरावर ठेवणाऱ्या मागावरील चौकटीची. प्रचलित क्रमांकपद्धतींपैकी एकीत फणीचा क्रमांक दोन इंचांतल्या घरांवरून ठरतो. घरे धातूच्या पट्ट्यांत कायमची बसवलेली असतात. सेंटिमीटरवर जायचे तर कारखान्यातली प्रत्येक फणी मोडीत काढून तिच्या जोडीला वह्या, नमुने व जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) छिद्रांकित पुठ्ठ्यांचे हिशेब पुन्हा मांडावे लागतील. किराणा दुकानदाराला वजनांचा एक संच घ्यावा लागला, यंत्रमागवाल्याला माग बदलावा लागला असता. म्हणून इथे नाममात्र रूपांतर झाले : सुताचे दहा पौंडी बंडल ४.५४ किलो लिहिले गेले, ७८४ पौंडांची कापसाची खंडी ३५६ किलोची झाली, वस्तू तीच राहिली. (धान्याची वीस मणांची खंडी वेगळी, दोहोंची गल्लत करू नये.)

भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी टॉवेलवर या सगळ्याचा साठा एकत्र दिसतो. माप तीस बाय साठ इंच, सुताचा नंबर इंग्रजी, जाडी मात्र दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये. परदेशी ग्राहक पौंड-डझनात (डझन टॉवेलांचे पौंडांतील वजन) बोलला तर चौथे परिमाण येते. लुगड्यांच्या बाबतीत वार नावातच जाऊन बसला आहे : नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर, पण कोणी तसे मागत नाही आणि मागावे अशी गरजही नाही.

इतर देश : ब्रिटनने १९६५ पासून टप्प्याटप्प्याने बदल केला, पण रस्त्यावरचे मैल व बिअरचा पाइंट ठेवला. अमेरिकेचा १९७५ चा कायदा ऐच्छिक होता आणि त्याखालील मंडळ १९८२ मध्ये बंद झाले. देशाने मेट्रिककडे जावे का, या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्या अनुभवावरून होकारार्थी द्यावे लागते, मात्र मुदत ठरवून आणि सक्तीने. ऐच्छिक बदलात दुर्बळ घेणाऱ्या-विकणाऱ्याला दोन्ही मापांचा तोटा सोसावा लागतो. परिमाण अवजारातच घडवलेले असेल तिथे मात्र कायद्याबरोबर अवजार बदलण्याचा खर्चही शासनाने उचलला पाहिजे. हातमाग-यंत्रमागाच्या बाबतीत तो विचार अपुरा पडला.

पाणी : जलसंपदा खात्याच्या कागदांत दलघमी (दशलक्ष घनमीटर) असते, वर्तमानपत्रांत व पाणीवाटपाच्या सभांत टीएमसी (अब्ज घनफूट). एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. भीमेवरील उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (३,३२० दलघमी), त्यातील उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (१,५१७ दलघमी). विसर्ग अजून क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला घनफूट. पंढरपूरच्या वाळवंटात पाणी किती चढेल याचा अंदाज भीमाकाठचे लोक त्याच आकड्यावरून बांधतात. साठ्याबद्दल मात्र जिल्ह्यात सगळे टक्क्यांत विचारतात, ‘उजनी किती टक्के?’ उन्हाळ्यात धरण उण्यात (उपयुक्त साठ्याच्या खाली) गेले तरी तीच भाषा चालते आणि उत्तर दोन्ही पद्धतींत एकच येते.