डायमधून हात बाहेर येईपर्यंत

बोल्टखाली घालतो तो साधा वॉशर हातात घ्या आणि त्याच्या कडांवरून नख फिरवा. घासून साफ केलेला नसेल, तर बाहेरच्या कडेला एका बाजूने बारीक धार लागेल. पत्रा दाबून-कापून भाग काढतात त्या प्रेस शॉपमध्ये तिला बर म्हणतात. आता मधल्या भोकाची कड तपासा. तिथली बर उलट बाजूला असेल तर वॉशर टप्प्याटप्प्याने कापणाऱ्या प्रोग्रेसिव्ह टूलमधून निघालाय. दोन्ही एकाच बाजूला असतील तर भोक आणि गोल एकाच ठोक्यात कापणाऱ्या कंपाउंड टूलमधून. वरून येणारा पंच पत्र्यातून आरपार खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये जातो तेव्हा भोकाची बर खालच्या बाजूला येते. कापून खाली पडणाऱ्या तुकड्याचं उलट असतं, त्याची बर वर, पंचाच्या बाजूला राहते. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये आधी भोक पडतं, मग पत्र्याची पट्टी एक घर पुढे सरकते आणि त्याच भोकाभोवती गोल कापला जातो. दोन्ही पंच वरूनच येतात, म्हणून दोन कडांच्या बर एकमेकींकडे पाठ करून असतात.

एम ८ बोल्टचा वॉशर घेऊ. बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर, भोक ८.४, जाडी १.६. भोक आणि गोल या दोन्हींचा मिळून परीघ साधारण ७७ मिलिमीटर. त्याला जाडीने आणि पोलादाच्या कातर-बळाने गुणलं की साडेचार टनांच्या आत ताकद लागते. दहा टनी प्रेसला हे सहज झेपतं. पट्टी दर स्ट्रोकला १८ मिलिमीटर पुढे सरकते. गोल कापणाऱ्या पंचाच्या टोकाला एक छोटी निमुळती खुंटी असते, तिला पायलट म्हणतात. कापण्याच्या क्षणभर आधी ती आधीच्या भोकात शिरते आणि पट्टी केसभर मागेपुढे असेल तर ओढून जागेवर आणते. मिनिटाला ६० स्ट्रोक धरले तरी तासाला ३,६०० वॉशर. पट्टीची रुंदी २० मिलिमीटर ठेवली तर पत्र्यातला जेमतेम ४० टक्के भाग वॉशर होतो, बाकी जाळी भंगारात जाते. म्हणून टूल काढणारा माणूस सगळ्यात आधी पट्टीवर घरं कशी बसवायची याचा कागद मांडून बसतो. दोन ओळी एकमेकींच्या खाचेत बसवल्या तर पत्रा वाचतो.

या सगळ्यात माणसाचा हात डायमध्ये कुठेच जात नाही. प्रेसकामाच्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. टनेज वाढलं, वेग वाढला, हे खरंच. पण खरा प्रवास आहे तो पंच आणि डायच्या मधून हात बाहेर काढण्याचा. हात बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर कसबही प्रेसवरून उठलं आणि पंच आणि डाय जिथे घडवतात त्या टूल रूममध्ये जाऊन बसलं.

पत्र्यावर पंच मारण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी खूण म्हणजे आहत नाणी. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकापासूनची ही चांदीची नाणी. पत्रा ठोकून सारखा करायचा, तुकडे कापायचे, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा आणि मग एकेक चिन्ह वेगवेगळ्या पंचाने उठवायचं. मगधाच्या नाण्यांवर सहसा अशी पाच चिन्हं दिसतात. एकाच तुकड्यावर एकामागून एक पाच ठोके. फक्त प्रत्येक ठोक्याला नाणं हातानेच धरावं लागे. दोन हजार वर्षांनीही पद्धत फारशी पुढे गेली नव्हती. १६७४ पासूनच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं वाचायला गेलं की बहुतेक नाण्यांत एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं सापडतं. खाली छाप, वर छाप, मध्ये तांब्याचा तुकडा आणि वरून हातोडा. तुकडा जरा सरकला की अक्षर गेलं. पायलट जे काम करतो, ते इथे कारागिराच्या नजरेवर होतं.

भांड्यांचंही तेच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही मठारकाम चालतं. हातोडीच्या हजारो ठोक्यांनी तांब्याच्या पत्र्याला गोलाई येते आणि तोच पत्रा कणखर होतो. ड्रॉइंग प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा ओढून त्याला खोल आकार देणाऱ्या प्रेसमध्ये, डबा एका दाबात निघतो तेव्हा धातूच्या पोटात जे घडतं, ते इथे ठोक्याठोक्याने घडतं.

यंत्राचा पहिला मोठा टप्पा टांकसाळीतच आला. युरोपात सोळाव्या शतकात स्क्रू प्रेस नाण्यांसाठी वापरात आला आणि १५५० नंतर पॅरिसच्या टांकसाळीने तो घेतला. आडव्या दांड्याच्या टोकांना जड गोळे, दांडा फिरवला की स्क्रू खाली येऊन छाप बसतो. आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये ‘फ्लाय प्रेस’ म्हणून जो उभा असतो, तो याच घराण्यातला. पुढे बर्मिंगहॅमजवळ सोहोला मॅथ्यू बोल्टनने १७८८ मध्ये वाफेवर चालणारे नाण्यांचे प्रेस उभे केले, आणि १८२० च्या दशकात मुंबईची टांकसाळ बांधली गेली तेव्हा तीही वाफेवरच चालेल अशी बांधली.

पत्र्याचा पार्ट मात्र बराच काळ हलक्या मालात गणला जात होता. खेळणी, डबे, दिव्याचे भाग यांच्यासाठी पत्रा. यंत्राला लागणारा पार्ट घडीव किंवा ओतीवच हवा, अशी समजूत. ती सायकलने मोडली. १८९० च्या दशकात शिकागोच्या वेस्टर्न व्हील वर्क्सने हब, चेनचं चाक, फ्रेमचे सांधे असे भाग पत्र्यातून दाबून काढायला सुरुवात केली. त्या आधी असे भाग घडवून मग लेथवर तासले जात, आणि निम्मा धातू किसाच्या रूपात खाली पडे. नावाजलेल्या सायकल कंपन्यांना हे दाबकाम स्वस्तातलं वाटलं. पण वजन कमी, वेळ कमी आणि ताकद पुरेशी, असा हिशेब समोर आल्यावर त्याला कोण अडवणार? बफेलोच्या जॉन आर. काइम या कारखान्याने सायकलींच्या अशाच कामात हात बसवला होता. हेन्री फोर्डने १९११ मध्ये तो विकत घेतला आणि पुढे त्याची यंत्रं आपल्या हायलँड पार्कच्या कारखान्यात आणली. त्या कारखान्यातूनच फोर्डकडे आलेले विल्यम नूडसन पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. मोटारीच्या असेंब्ली लाइनचं कौतुक सगळे करतात, पण लाइनवर एकसारखे पार्ट यायला हवेत तर आधी प्रेस हवा.

प्रोग्रेसिव्ह टूलचं श्रेय एका माणसाला देता येणार नाही. १९०० च्या आसपास अमेरिकेतले डायमेकर ‘गँग डाय’, ‘फॉलो डाय’ अशी नावं वापरत होते. कल्पना हीच, की एका डायमध्ये ओळीने कामं लावायची आणि पट्टी पुढे सरकवत न्यायची. भोक, खाच, वाक आणि सगळ्यात शेवटी पट्टीपासून सुटका. तोवर पार्ट पट्टीलाच धरून राहतो, त्यामुळे त्याला उचलून ठेवावं लागत नाही. हे जमण्यासाठी पत्रा मात्र लांबच लांब आणि एकाच जाडीचा हवा. १९२० च्या दशकात केंटकीतल्या ॲशलंडला जॉन टायटस यांनी रुंद पट्टी सलग लाटण्याची गिरणी उभी केली आणि पत्र्याची कॉइल, म्हणजे लांब गुंडाळी, ही रोजची गोष्ट झाली. गुंडाळी उलगडणारा डिकॉइलर, पत्रा सरळ करणारा स्ट्रेटनर, तो पुढे सरकवणारा फीडर ही प्रेससमोरची रांग त्या कॉइलशिवाय उभीच राहिली नसती.

या टूलची करामत पाहायची तर थंड पेयाच्या डब्याचं झाकण बघावं. ओहायोतल्या डेटनचे एर्मल फ्रेझ हे स्वतः टूलमेकर होते. ओढून उघडायच्या झाकणाचं त्यांचं पेटंट १९६० च्या दशकातलं. खरी अडचण होती ती कडी झाकणाला जोडायची कशी ही, कारण झाकणाला भोक पाडलं तर पेय गळणार. फ्रेझ यांनी झाकणाच्याच धातूला फुगवलं, त्या फुगवट्याचा बारीक खांब केला आणि त्यावर कडी बसवून तोच खांब चेपून रिव्हेट केला. कडी अॅल्युमिनियमच्या वेगळ्या पट्टीतून टप्प्याटप्प्याने घडत येते आणि प्रेसमध्येच झाकणाला भेटते. झाकणाची बोटाएवढी जागा, पण तिथे फुगवट्यापासून रिव्हेटपर्यंतचं सगळं काम डायमध्येच उरकतं.

आपल्याकडे दाबलेल्या पत्र्याची घराघरात पोचलेली वस्तू म्हणजे स्कूटर. विमानांचे इंजिनिअर कोराडिनो डास्कानियो यांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीसाठी १९४६ मध्ये व्हेस्पा काढली, तेव्हा नळ्यांची चौकट टाकून देऊन दाबलेल्या पत्र्याच्या अंगालाच चौकट केलं. पियाजिओच्या परवान्यावर बजाजने तीच इथे बनवली, करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली आणि आकुर्डीचं नाव देशभर गेलं. चेतकची बाजूची डिकी ही ड्रॉइंगची उत्तम शिकवणी आहे: खोल, गोलसर, आणि तरीही सुरकुती नाही. एवढा मोठा भाग प्रोग्रेसिव्हमध्ये बसत नाही. तो एका प्रेसवरून दुसऱ्यावर नेत दाबतात. प्रोग्रेसिव्हचं राज्य ब्रॅकेट, क्लिप, वॉशर, वायरिंगचे टर्मिनल, विजेच्या मोटरच्या गाभ्यातल्या चकत्या (लॅमिनेशन) अशा लहान भागांचं.

टाटांच्या टेल्कोने १९६० च्या दशकात पुण्यात पाय रोवले, तेव्हा सुमंत मुळगावकरांनी आधी मशीन टूल, डाय आणि मुलांचं प्रशिक्षण यांवर भर दिला. वाहनं नंतर आली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ट्रक जुने झाले, मॉडेलं बंद पडली, पण हाताला डाय बसवण्याची सवय लागलेले लोक राहिले. अशा मोठ्या कारखान्यांत शिकलेल्या अनेकांनी पुढे भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत स्वतःची टूल रूम थाटली.

पण टूल बनवता येतं म्हणून प्रोग्रेसिव्ह चालवता येतं असं नाही. पोलादाच्या वाटपावरचं नियंत्रण जानेवारी १९९२ मध्ये उठलं. तोवर छोट्या गाळ्याच्या वाट्याला बऱ्याचदा सुटं शीट नाहीतर मोठ्या कारखान्यातलं कटिंग, म्हणजे उरलेले तुकडे, यायचे. कटिंगचा तुकडा फीडरला कसा लावणार? मग स्टेज टूल. एका प्रेसवर ब्लँक, म्हणजे कापलेला कोरा तुकडा, दुसऱ्यावर भोक, तिसऱ्यावर वाक, आणि प्रत्येक ठिकाणी ब्लँक हाताने आत ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, हाताने पार्ट काढायचा. दिवसाला काही हजार वेळा.

इथेच बोटं जातात. जुन्या पॉवर प्रेसला की-क्लच असतो, म्हणजे फिरत्या चाकाशी प्रेस जोडणारी आणि सोडवणारी एक खिट्टी (की). पॅडल सोडलं तरी की झिजल्यामुळे किंवा स्प्रिंग तुटल्यामुळे पंच धरणारा स्लाइड पुन्हा खाली येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. कामगाराने काहीही चूक केलेली नसते. तो दाबलेला पार्ट काढायला गेलेला असतो. हा धोका कायद्याला माहीत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम धोकादायक यंत्रांना कुंपण घालायलाच सांगत होतं. दोन्ही हात गुंतवणारी दोन बटनं असतात, हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा असतो, हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक क्लच असतो. पण नगावर पैसे ठरले की एक बटन पट्टीने बांधून ठेवलं जातं. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या जखमींची नोंद ठेवणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेच्या ‘क्रश्ड’ अहवालांत पॉवर प्रेस हे बोटं जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणून पुन्हा पुन्हा येतं. अंगठा गमावलेल्या माणसाला शर्टाची गुंडी लावताना ज्याने पाहिलंय, त्याला हा विषय तांत्रिक वाटत नाही.

प्रोग्रेसिव्ह टूल महाग का, हेही समजून घ्यायला हवं. पंच आणि डायच्या मधली फट पत्र्याच्या जाडीच्या पाच-दहा टक्के एवढीच, म्हणजे एक मिलिमीटर पत्र्याला केसाच्या जाडीइतकी. ती टूलच्या सात-आठ स्टेशनांवर, म्हणजे टप्प्यांवर, सारखी राखायची. पूर्वी फिटर डायचे तुकडे करून, कुठे घासतंय ते कळायला निळं लावून, कानसीने घासून बसवत असे, आणि एवढं करून एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं) पोलाद कडक करताना भट्टीत वाकडं झालं की पुन्हा पहिल्यापासून. यातून सुटका झाली ती ठिणगीमुळे. १९४३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ दांपत्य बोरिस आणि नताल्या लाझारेंको विजेच्या संपर्कबिंदूंची झीज कशी थांबवावी हे शोधत होते. झीज थांबेना, तेव्हा त्यांनी तिलाच कामाला लावलं: ठिणगीने धातू कोरायचा. १९६० च्या दशकाच्या शेवटाकडे त्यातून वायर कट आलं. पाव मिलिमीटर पितळी तार, पाण्याची धार, आणि आधीच कडक केलेलं पोलाद हवं त्या आकारात कापलं जातं. आज वाळूज किंवा चाकणच्या टूल रूममध्ये रात्रभर वायर कट चालू असतं आणि सकाळी डायची प्लेट तयार मिळते.

दुसरा खर्च टूल बदलण्याचा. टोयोटात १,००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये ते काम आधी ९० मिनिटांवर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. प्रेस बंद असताना जे करावंच लागतं तेवढंच तेव्हा करायचं, बाकी सगळी तयारी प्रेस चालू असताना. ही युक्ती छोट्या गाळ्यातही चालते, पैसे लागत नाहीत.

तरीही महिन्याला पाच हजार नगांचं ब्रॅकेट असेल तर मालक स्टेज टूलच बनवतो, कारण प्रोग्रेसिव्हचा खर्च तेवढ्या नगांत फिटत नाही. ग्राहकाने टूलचे पैसे वेगळे दिले तर गोष्ट बदलते. ते बहुतेकदा पार्टच्या दरातच कोंबले जातात. अशा ठिकाणी मी काही शेडमध्ये एक साधी सोय पाहिली आहे. ब्लँक घसरगुंडीवरून डायमध्ये जातो, झालेला पार्ट हवेच्या फुंकरीने मागच्या पेटीत पडतो, आणि अडकलाच तर काढायला प्रेसच्या खांबाला साखळीने बांधलेला, टोकाला चुंबक लावलेला चिमटा. चिमटा अॅल्युमिनियमचा, डायमध्ये राहिला तर चेपेल असा. त्या शेडमध्ये पाळी सुरू होताना सुपरवायझर आधी प्रत्येक प्रेसचा चिमटा जागेवर आहे का ते बघतो, आणि नसेल तर तो प्रेस चालू होत नाही.