बिरबल साहनी : दगडातल्या झाडांचा माग

नागपूरच्या आसपास दगडांत पानं-फळं सापडतात, हे इंग्रजी अमदानीतच कळलं होतं. आज नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५०च्या दशकात असे जीवाश्म गोळा केले. १८६१ मध्ये त्यांतल्या वनस्पतींचं वर्णन लिहिलं ते बनबरी नावाच्या इंग्रज अभ्यासकाने. दगड इथले आणि अभ्यास विलायतेत, ही तेव्हाची रीतच होती. ती बदलण्यात सर्वांत मोठा वाटा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक, बिरबल साहनी यांचा.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, पंजाबातल्या भेरा गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले आणि याच विषयातले अभ्यासक ए. सी. सिवर्ड यांच्या हाताखाली तयार झाले. कॅप्टन स्कॉटच्या शेवटच्या मोहिमेने अंटार्क्टिकावरून आणलेले वनस्पति-जीवाश्म सिवर्ड यांनीच तपासले आणि १९१४ मध्ये त्यांवर लिहिलं. त्यांत ग्लोसोप्टेरिस निघालं. जिभेच्या आकाराच्या पानांचं हे झाड आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या थरांत जागोजागी दिसतं, कामठीच्या दगडांतही. मधे एवढा समुद्र असताना दोन्हीकडे एकच झाड कसं? एकेकाळी जोडलेले खंड सरकत दूर गेले हे म्हणणं बहुतेक भूशास्त्रज्ञ उडवून लावत होते, त्या काळात, १९३६ साली, साहनींनी वनस्पतींच्या पुराव्यांवरून ते तपासून पाहिलं.

१९१९ मध्ये ते परतले. बनारस, लाहोर आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठ. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांचं मन खरं रमलं ते दख्खनच्या लाव्ह्यात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडं वाढत, आणि पुढचा लाव्हा सगळं झाकून टाकी. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे असंच ठिकाण. तिथल्या चर्टमध्ये, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडात, सिलिका हे खनिज झाडाच्या पेशीपेशींत मुरलेलं आहे. दगडाचा काप घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा. मग मायक्रोस्कोपखाली पेशींच्या भिंती दिसतात. अशा कापांमधून साहनींनी एका फळाची रचना उलगडली आणि आपले मित्र प्राणकृष्ण परिजा यांच्या नावावरून त्याला 'एनिग्मोकार्पॉन परिजाई' नाव दिलं. १९४४ मध्ये व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्याच एका फुलाचं वर्णन करून त्याला 'साहनीअँथस' म्हटलं. पुढे अभ्यासकांनी हे फूल त्या फळाच्याच झाडाशी जोडलं.

सुटे अवयव जुळवून अख्खं झाड उभं करणं, हाच या शास्त्रातला खरा कस. पान एकीकडे, खोड दुसरीकडे, बिया तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव! झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतल्या निपनिया गावच्या जीवाश्मांमधून साहनींनी खोड, पानं आणि तुतीसारखी दिसणारी बीजफळं एकाच वनस्पतीची असल्याचं मांडलं आणि १९४८ मध्ये 'पेंटॉक्सिली' हा नवा गट सुचवला. खोडात बहुधा लाकडाचे पाच वेगळे भाग. आजच्या कुठल्याच झाडाशी तो नीट जुळत नाही. मला त्यांचं सगळ्यात धाडसी काम हेच वाटतं.

सगळंच मात्र बरोबर ठरलं नाही. पंजाबातल्या सॉल्ट रेंज या डोंगररांगेच्या मिठाच्या थरांत सापडलेल्या सूक्ष्म वनस्पती-अवशेषांवरून त्यांनी ते थर इओसीन काळातले, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने बरेच अलीकडचे ठरवले. वाद रंगला, पण शेवटी ते थर कितीतरी जुने निघाले. जाता जाता, रोहतकजवळ खोकराकोटला सापडलेल्या नाण्यांच्या साच्यांवरही त्यांनी १९४५ मध्ये ग्रंथ लिहिला. उकरून काढायची खोड काही सुटत नाही!

१९४६ मध्ये त्यांनी लखनौला पुरावनस्पतींची संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली आणि आठवडाभरातच साहनी गेले. पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची धुरा घेतली. १९५३ मध्ये इमारतीचं उद्घाटनही नेहरूंनीच केलं. आता संस्थेच्या नावात 'पॅलिओबॉटनी'ऐवजी 'पॅलिओसायन्सेस' आहे, कारण काम वनस्पतींपुरतं राहिलेलं नाही.