निर्धूर चूल

लाकूडफाटा, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाटी असे नेहमीचेच सरपण जाळणारी, पण कमी जळणात भागवणारी आणि स्वयंपाकघरातला धूर घटवणारी चूल. सरकारी कागदांत ती ‘सुधारित चूल’ असते. गावात ‘निर्धूर’ हे नाव रुळले, धूर पुरता जात नसला तरी.

साध्या मातीच्या चुलीत जळणातली साधारण १० टक्केच उष्णता भांड्याला लागते. निर्धूर चुलीत ती २० टक्क्यांच्या पुढे जाते. लाकूड जाळीवर राहते, खालून हवा मिळते, राख खाली गळते. जाळ आधी पुढच्या भांड्याला लागतो, मग वैलाकडे, म्हणजे चुलीला जोडलेल्या मागच्या भांड्याच्या जागेकडे वळतो आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर जातो.

वर्ध्याच्या मगनवाडीतली ‘मगन चूल’ ही या प्रयत्नांतली एक जुनी पायरी. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला व २००२ मध्ये आटोपला. तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतल्या किती पेटत राहिल्या, हा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा चुलींचा प्रसार केला.

चूल मोडीत निघण्याची कारणे बहुधा साधी असत. धुराड्यात काजळी साचली आणि कुणी काढली नाही, की धूर उलटा घरात येतो. पाइपाभोवतीच्या फटीतून पावसाळ्यात छप्पर गळते. पण खरी अडचण भाकरीची. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून शेकतात, तेव्हा ती टम्म फुगते. निर्धूर चुलीचे तोंड अरुंद. निखारे ओढायला जागाच नाही. मग बाई दोन दिवस पाहते आणि तोंड फोडून मोठे करते. लाकडेही मोठी जातात, कुऱ्हाडीचे काम वाचते. आराखड्याचे सगळे गणित तिथेच बिघडते, आणि दोष तिचा नसतो.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेड्यांत पोचला. तरी अनेक घरांत चहा गॅसवर होतो. आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच.