कमानपाटे, पिकअप गाडीचे

पिकअप गाडीच्या मागच्या ॲक्सलवर भार तोलून धरणारी, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची थप्पी. गॅरेजात तिला नुसते 'पाटे' म्हणतात. सर्वांत लांब आणि टोकांना डोळे (बोल्टसाठी गोल भोके) वळवलेला तो मेन पाटा. त्याखालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. सेंटर बोल्ट सगळ्यांना मधोमध ओवतो, यू-बोल्ट थप्पी ॲक्सलला आवळतात आणि मेन पाट्याचे एक टोक शॅकलमध्ये (हलत्या जोडकडीत) झुलते, कारण कमान दबून सपाट होऊ लागली की तिची लांबी वाढते. जास्त माल वाहण्यासाठी किंवा ट्रेलर ओढण्यासाठी ही थप्पी ताठ करून घेणे, म्हणजेच 'पाटा वाढवणे', हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

उगम : पट्टीच्या स्प्रिंगचा शोध कोणाचा याविषयी मतभेद आहेत. अनेक जुन्या संदर्भग्रंथांत त्याचे श्रेय ओबदाया एलियट या इंग्रज कारागिराला दिलेले आढळते. त्याचे पेटंट १८०४ सालचे आहे. मात्र धातूच्या पट्टीची लवचीकता कामाला लावण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बायझँटियमच्या फायलो या ग्रीक अभियंत्याने काशाच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या अस्त्रफेकी यंत्राचे वर्णन केले असून ती कल्पना अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसची असल्याचे म्हटले आहे. ते यंत्र वाहन नव्हते, म्हणून काही अभ्यासक हा पुरावा बाजूला ठेवतात. वाहनांपुरते पाहिले तरी सॅम्युअल पीप्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या रोजनिशीत १६६५ साली स्प्रिंग बसवलेल्या घोडागाड्यांच्या चाचण्यांचा उल्लेख येतो, आणि अठराव्या शतकात एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या युरोपातील गाड्यांत वापरात होत्या. एलियटने स्प्रिंग थेट ॲक्सल आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवली, त्यामुळे पुढचा-मागचा ॲक्सल जोडणारा खालचा जड लाकडी दांडा गेला आणि गाडी हलकी झाली. त्याचे काम शोधापेक्षा मांडणीतील सुधारणेचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या पिकअपची मागची रचना त्याच मांडणीची वारस आहे. मोटारीत तिच्यावर आणखी एक जबाबदारी आली. फ्रान्समधील हॉचकिस कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर पाट्यांतूनच चासीला पोचतो. म्हणून चढावर पूर्ण माल घेऊन एकदम क्लच सोडला की मऊ पाटे 'एस' अक्षरासारखे पिळवटतात.

यांत्रिकी : थप्पीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर ताठपणा ढोबळमानाने २० टक्के वाढतो. तेच पाच पाटे ८ मिमीऐवजी ९ मिमी जाडीचे घेतले, तर वाढ सुमारे ४२ टक्के होते. १० मिमीला ती जवळजवळ दुप्पट होते. 'जरा जाड पाटा टाका' हे सांगणे म्हणूनच दिसते तितके साधे नाही. रिकाम्या गाडीत असे पाटे दबतच नाहीत, मागचे चाक खड्ड्यातून उडते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. यावर जुना व चांगला उपाय म्हणजे हेल्पर पाटा. थप्पीच्या तळाशी किंवा माथ्यावर बसवलेला हा जवळजवळ सपाट, जाड पाटा ठराविक माल भरल्यावरच टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी मऊ चालते आणि भरलेली तोलून धरली जाते. पाटे सिलिकॉन-मँगॅनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात. तापवून तेलात विझवायचे आणि पुन्हा बेताने तापवून पाणी उतरवायचे (म्हणजे ठिसूळपणा घालवायचा), यातून त्यांना गुण येतो. हा गुण उष्णतेने जातो. गॅसने लाल करून बसलेल्या पाट्याला कमान देणे, मोडलेला पाटा वेल्डिंग करणे हे प्रकार सर्रास दिसतात आणि ते धोक्याचे आहेत. असा पाटा काही दिवस कमान दाखवतो, मग पुन्हा बसतो किंवा घाटात तुटतो.

गोव्यातील स्थिती : येथे पाटे वाढवण्याच्या कामाचा प्रसार खाणपट्ट्यातील टिपरांमुळे झाला असावा. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खनिजवाहतूक अनेक दशके चालली; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ती २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबली. आज पिकअपवर भार येतो तो जांभ्या दगडाचे चिरे, वाळू, बेळगावहून चोर्ला घाटाने उतरणारी भाजी आणि मालीम, खारीवाडा, कुटबण या जेटींवरची मासळी यांचा. यांपैकी चिऱ्याचा भार सर्वांत फसवा, कारण हौद्यात दोन-तीन थर लागले तरी गाडी अर्धी रिकामी दिसते.

मासळीच्या गाडीचे पाटे मात्र वजनाआधी गंजाने जातात. क्रेटमधले बर्फ वितळते, खारे पाणी हौद्याच्या फटींतून नेमके ॲक्सलच्या आसपास ठिबकते आणि पाट्यापाट्यांमधल्या चिरेत मुरते. अशी थप्पी सोडवली की सेंटर बोल्ट निघताच दोन पाट्यांमधून लाल भुकटी सांडते. खालच्या पाट्याचे टोक जिथे वरच्याला घासते तिथे बोटाला लागेल अशी खाच असते, आणि तिच्या भोवती सुईने टोचल्यासारखे खळगे. भाराखाली कमान सपाट होताना पाट्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, त्यामुळे चीर बहुधा वरच्या बाजूच्या अशाच खळग्यांतून किंवा सेंटर बोल्टच्या भोकापाशी सुरू होते. किनाऱ्यावर वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. इथल्या गाडीला नवा पाटा घालण्याआधी जुने उघडून, घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधणे हेच पहिले काम ठरते. पुष्कळदा तेवढ्याने गाडीची बसकण कमी होते. गंजलेल्या थप्पीत एकच नवा पाटा घालणे वाया जाते. त्याची कमान इतरांशी जुळत नाही आणि जादा भार तोच एकटा खातो.

बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत. जुने ताणले गेलेले असतात आणि थप्पीची उंची वाढल्यावर त्यांचे आटे पुरत नाहीत. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. याहून महत्त्वाची आणि गॅरेजात क्वचितच बोलली जाणारी गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू जितकी दबलेली, तितका तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवल्यावर गाडी भरलेली असूनही उंच राहते, व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच असते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. अनमोड किंवा करमल घाट उतरताना हा सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. पाटे बदलले की या दांडीचे माप कंपनीच्या सूचनेप्रमाणे पुन्हा लावणे अत्यावश्यक आहे. ते न करता गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. पाटे कितीही वाढवले तरी नोंदलेले एकूण वजन तेवढेच राहते, कारण ते ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी या सगळ्यांवरून ठरलेले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

ट्रेलर : कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच असून त्याची वेगळी नोंदणी लागते. गोव्यात पिकअपमागे ट्रेलर दिसतो तो मुख्यतः लहान होड्या आणि जलक्रीडेच्या स्कूटर किनाऱ्यावर नेताना. हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा असा संकेत आहे. १,००० किलोच्या ट्रेलरचा १०० किलो भार ॲक्सलच्या १.२ मीटर मागे असलेल्या हुकावर आला आणि दोन ॲक्सलमधले अंतर ३ मीटर असले, तर मागच्या ॲक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्यावरून ४० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागणे आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाणे ही त्याची लक्षणे. हौदा रिकामा ठेवून फक्त ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी पाट्यांना जोड म्हणून ॲक्सल आणि चासीमध्ये हवेच्या रबरी पिशव्या बसवण्याची पद्धत आहे. ट्रेलर सोडला की हवा कमी करून गाडी पुन्हा मऊ करता येते. मात्र होडी पाण्यात सोडताना गाडीची मागची चाके खाऱ्या पाण्यात जातात. त्याच दिवशी पाट्यांवर गोड्या पाण्याचा फवारा मारावा लागतो.