आत्म्याचं वजन २१ ग्रॅम? कोणी मोजलं?

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते फॉरवर्ड परत फिरतंय, माणूस गेला की वजन बरोबर २१ ग्रॅमने कमी होतं, म्हणजे चेतना शरीरापेक्षा वेगळी, सायन्सने प्रूव्ह केलंय वगैरे. प्रूव्ह काही नाही हो. अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणाच्या दारातले ६ पेशंट खाटेसकट काट्यावर ठेवले आणि १९०७ मध्ये ते छापलं. त्यातल्या २ केसेस त्याने स्वतःच बाद केल्या, एकीत तर काटाच नीट सेट नव्हता, उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि ते फेमस २१ ग्रॅम फक्त एकाचे! मग १५ कुत्र्यांवर केलं तर वजन हललंच नाही, तर म्हणे कुत्र्यांना आत्मा नसतो. (तलावपाळीच्या भटक्यांना कोणीतरी कळवा.) ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरने तेव्हाच सांगितलेलं की श्वास थांबला की फुप्फुसात रक्त थंड व्हायचं थांबतं, अंग तापतं, घाम सुटतो, वजन त्यात जातं, कुत्र्यांना असा अंगभर घाम येतच नाही.

पण म्हणून चेतना म्हणजे नुसता मेंदू हे सिद्ध झालं असंही नाही हां. भूल दिली की जाणीव जाते, उतरली की येते, एवढा संबंध पक्का; पण पेशींच्या खटपटीतून 'मला दुखतंय' हे वाटणं नेमकं कसं येतं, हे अजून कोणालाच नीट सांगता आलेलं नाही.