जुना टॅटू फुगणे आणि खाजणे

टॅटू पूर्ण भरून आलाय, कित्येक महिने किंवा वर्षं त्याने काही त्रास दिलेला नाही, आणि एक दिवस त्याच्या रेघा किंवा एखादा रंग त्वचेच्या वर उचलून येतो, बहुतेक वेळा सोबत खाजही सुटते, याला जुना टॅटू फुगणे म्हणतात. कधीकधी उठाव एवढा असतो की डोळे मिटून बोट फिरवलं तरी डिझाइन कळतं. नवीन टॅटूला पहिले दोन-तीन आठवडे जी खाज येते, खपल्या धरतात, ती जखम भरतानाची खाज, तिचा इथे संबंध नाही. बऱ्याच वेळा जुना टॅटू फुगण्याचं कारण अगदी किरकोळ असतं आणि तासाभरात सगळं परत सपाट होतं, काही वेळा ती शाईचीच ॲलर्जी निघते जी सहसा आपणहून जात नाही, आणि क्वचित टॅटूचा बिचाऱ्याचा काहीच दोष नसतो, शरीरात दुसरंच काहीतरी चालू असतं जे आधी टॅटूवर दिसतं. फरक ओळखायला दोन गोष्टी सगळ्यात जास्त कामाला येतात, नेमका कुठला भाग फुगलाय आणि तो किती वेळ तसा राहतो.

शाई तिथे टिकते कशी

सुई शाई सोडते ती साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, डर्मिस नावाच्या थरात. वरचा थर म्हणजे एपिडर्मिस सतत झडत असतो आणि महिना-दीड महिन्यात नवा होतो, त्यामुळे शाई तिथेच राहिली तर टॅटूही झडून जाईल. डर्मिस तसा झडत नाही. पण शरीराच्या दृष्टीने ही शाई म्हणजे बाहेरून घुसलेला कचराच, त्यामुळे मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात आणि कण गिळून टाकतात, आता गंमत अशी की हे पिगमेंट विरघळत नाही, पचत नाही, मग त्या पेशी ते पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. आपण ज्याला टॅटू म्हणून बघतो तो बराचसा या पेशींच्या पोटातला रंग असतो.

त्याच पेशी वर्षानुवर्षं जगत असतील असं आधी समजलं जायचं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर टॅटू काढून वेगळंच दाखवलं, की रंग धरून बसलेली पेशी मरते, रंग मोकळा होतो, आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग पुन्हा गिळते. बाहेरून टॅटू जसाच्या तसा, आत मात्र पहारेकऱ्यांच्या ड्युट्या बदलत असतात. सगळी शाई काही तिथेच थांबतही नाही, थोडी लसिकेतून वाहत जवळच्या लिम्फ नोड नावाच्या गाठींमध्ये जाऊन बसते, काखेतल्या किंवा जांघेतल्या लिम्फ नोड रंगीत झालेल्या सर्जनना ऑपरेशन करताना दिसतात. म्हणजे इम्युन सिस्टीमचा आणि शाईचा संबंध टॅटू भरला म्हणून संपत नाही, दहा वर्षांनीसुद्धा तो चालूच असतो, फक्त एरवी गुण्यागोविंदाने चालू असतो.

तासाभरात बसणारा फुगवटा

हा सगळ्यात कॉमन प्रकार आणि यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. उकाडा, घाम, गरम पाण्याची अंघोळ, जोरात व्यायाम, कोरडी पडलेली त्वचा, नवीन साबण किंवा लोशन, घट्ट कपड्याचं घर्षण, यातल्या कशानेही टॅटूच्या रेघा थोड्या वर येतात, हुळहुळतात आणि काही वेळाने बसतात. सुईने भोकं पाडून भरून आलेली त्वचा ही थोडीफार व्रणाचीच त्वचा असते, शेजारच्या त्वचेएवढी लवचिक नसते, आणि रक्तवाहिन्या फुलल्या किंवा त्वचेत जरा पाणी साठलं की तिचा फरक उठून दिसतो. ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, किंवा नखाने ओरखडा काढला तरी लाल गांधी येते, त्यांच्या टॅटूवरही तशीच गांधी उठते, त्वचेतल्या मास्ट सेल नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन सोडतात आणि तेवढा भाग फुगतो. अशा वेळी खाजवलं की अजून हिस्टामिन सुटतं, अजून फुगतं, आणि माणूस अजून खाजवतो.

खूण अशी की इथे रंगाचा भेदभाव नसतो, काळी रेघ काय आणि हिरवं पान काय, सगळंच थोडं थोडं वर येतं, आणि बहुतेक वेळा टॅटूशेजारची कोरी त्वचाही खाजत असते. जो भाग पहिल्यापासूनच उंच आहे आणि कधीच सपाट झाला नाही तो वेगळा, तिथे सुई जास्त खोल गेलेली असते किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलेली असते, आणि राहिलेला व्रण तसाच टिकतो. कीलॉइडची प्रवृत्ती असेल तर तो व्रण मूळ रेघेच्या बाहेरही पसरत जातो, मात्र टॅटूमुळे कीलॉइड वाटतं तितक्या वेळा होत नाही.

उन्हाचं प्रकरण मधलं आहे. जुन्या पिवळ्या शाईत कॅडमियम सल्फाइड असायचं, हे रसायन प्रकाशाला इतकं संवेदनशील की ते उजेड ओळखणाऱ्या फोटोसेलमध्येही वापरलं जायचं, त्यामुळे ऊन पडलं की नेमका पिवळा भाग चरचरून फुगायचा. लाल शाईत कॅडमियम मिसळलं असेल तर लालचीही तीच गत. पण त्रास फक्त पिवळ्यालाच होतो असं काही नाही, डेन्मार्कमध्ये बीचवर ऊन खात बसलेल्या टॅटूवाल्यांना विचारलं तेव्हा फुगणे, खाजणे, टोचणे अशा तक्रारी बऱ्याच जणांनी सांगितल्या, आणि त्यात काळे टॅटूही होते.

लाल रंग

टॅटूच्या ॲलर्जीत एक नंबरचा गुन्हेगार लाल, त्याच्या मागोमाग गुलाबी, जांभळा, केशरी, म्हणजे ज्यात ज्यात लाल मिसळलाय ते सगळे. चित्र अगदी ठरलेलं असतं. समजा गुलाबाचा टॅटू आहे, काळी बॉर्डर, हिरवी पानं, लाल पाकळ्या. बॉर्डर सपाट, पानं सपाट, आणि पाकळ्या मात्र एकेक करून टम्म वर आलेल्या, जणू त्वचेवर चिकटवल्यात, वरचा भाग खरबरीत, कधी पांढरट पापुद्रे सुटलेले, आणि खाज अशी की रात्री झोपेतून उठवते. लाल जिथे संपतो तिथेच फुगवटा संपतो. इतकं सरळ निदान स्किनच्या डॉक्टरांना फार कमी वेळा मिळत असेल.

पूर्वी लाल शाईत सिनाबार म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड असायचं आणि सगळा दोष पाऱ्याला दिला जायचा. पारा शाईतून बराचसा गेला तरी लालचा त्रास काही गेला नाही. आताचे लाल रंग बहुतेक ॲझो किंवा क्विनॅक्रिडोन जातीचे सेंद्रिय पिगमेंट असतात, कापड आणि प्लास्टिक रंगवायला बनवलेल्या रंगांच्याच घरातले. यात उशीर का लागतो हे समजून घेण्यासारखं आहे. मूळ पिगमेंट बहुधा फारशी ॲलर्जी करत नसावं, पण त्वचेत वर्षानुवर्षं पडून, ऊन खाऊन त्याचे हळूहळू तुकडे होतात, ते तुकडे शरीरातल्या प्रोटीनला चिकटतात आणि मग इम्युन सिस्टीमला ते परके वाटायला लागतात असं मानलं जातं. याच कारणाने की काय, पाठीवर चिकटवून करतात ती पॅच टेस्ट अशा लोकांमध्ये बहुतेक वेळा निगेटिव्ह येते, बाटलीतली शाई लावून बघितली तरी. त्यामुळे आधी छोटा ठिपका काढून बघू, काही झालं नाही तर मोठा काढू, या टेस्टला फार अर्थ उरत नाही, रिॲक्शन काही आठवड्यांनीही येते, काही महिन्यांनीही आणि कित्येक वर्षांनीही.

अजून एक वैताग म्हणजे नवीन टॅटूतल्या लालने ॲलर्जी जागी झाली की अंगावरचा दुसरा जुना लाल टॅटू, जो आजवर गप्प होता, तोही कधीकधी फुगतो. शरीराने एकदा त्या रसायनाची ओळख धरली की ते कुठेही असलं तरी सापडतं.

बाकी रंगांमध्ये हिरव्यात क्रोमियम, निळ्यात कोबाल्ट अशी धातूंची नावं जुन्या वर्णनांत येतात आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांचा प्रश्न असतोच. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः तसं शांत, पण ते इतकं कडक की सुईच्या स्टीललाच घासतं, आणि झिजलेले निकेल-क्रोमियमचे बारीक कण शाईसोबत आत जातात, हे २०१९ मध्ये सिंक्रोट्रॉन नावाच्या, फार तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीतून पुढे आलं.

काळा रंग फुगला तर

काळी शाई म्हणजे मुख्यतः कार्बन ब्लॅक, आणि तिची खरी ॲलर्जी दुर्मिळ. काळ्याचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि शरीर त्या गोळ्यांभोवती पेशींचं कडं करतं, तेव्हा काळ्या रेघेवर बारीक बारीक पुटकुळ्या उठतात, खाज थोडीच, कधी नाहीच. एवढ्यावर थांबलं तर ठीक.

पण सगळे काळे टॅटू एकाच वेळी फुगले, दंडावरचा दहा वर्षांपूर्वीचा आणि पाठीवरचा दोन वर्षांपूर्वीचा एकदमच, तर डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव सार्कॉइडोसिसचं येतं. या आजारात ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या छोट्या गाठी फुफ्फुसात, लिम्फ नोडमध्ये, डोळ्यात, त्वचेत कुठेही होतात आणि जुने व्रण व टॅटू या त्यांच्या आवडत्या जागा. कधीकधी टॅटू फुगणं हीच आजाराची पहिली खूण असते. सोबत कोरडा खोकला, दम लागणं, अंगात कसकस, सांधे दुखणं असेल तर छातीचा एक्स-रे काढतात. डोळे लाल होणं, दुखणं, धूसर दिसणं असेल तर अजिबात थांबायचं नाही, कारण टॅटूतल्या ग्रॅन्युलोमासोबत डोळ्याच्या आतली सूज, युव्हायटिस, येते असं एक वेगळं दुखणं नोंदलेलं आहे आणि उपचाराला उशीर झाला तर नजरेवर बेतू शकतं.

इम्युन सिस्टीममध्ये मोठा बदल झाला तरी जुने टॅटू उठतात, एचआयव्हीवर औषधं सुरू होऊन प्रतिकारशक्ती परत आली की, किंवा कॅन्सरच्या इम्युनोथेरपीत. सोरायसिस आणि लायकेन प्लॅनस या त्वचेच्या आजारांना जखम झालेल्या जागी उगवायची सवयच असते, तिला कोबनर फिनॉमिनन म्हणतात, त्यामुळे तेही टॅटूच्या रेघांवरून चालत जाताना दिसतात. एमआरआयमध्ये टॅटू गरम होतो ही भीती बरीच फुगवलेली आहे, लोहाचे ऑक्साइड असलेल्या शाईत चरचर होऊ शकते पण प्रत्यक्षात ते क्वचित घडतं, टेक्निशियनला आधी सांगितलं की पुरे.

किती लोकांना होतं

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ३०० टॅटूवाल्यांना विचारलं, साधारण १० टक्के लोकांनी काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं आणि ६ टक्क्यांच्या आसपास लोकांचा त्रास ४ महिन्यांहून जास्त टिकलेला होता. शाईत काय असावं यावर नियम बरेच उशिरा आले, युरोपियन युनियनमध्ये ४ जानेवारी २०२२ पासून ४,००० हून जास्त रसायनांवर बंदी किंवा मर्यादा आहे. अर्थात त्याआधी अंगात गेलेल्या शाईला हा नियम लागू करता येत नाही.

तपासणी आणि उपचार

डॉक्टरकडे जाईपर्यंत फुगवटा बसलेला असतो हा नेहमीचाच घोळ, म्हणून फुगलेला असतानाच तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवावा, समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत उठाव दिसतच नाही. येऊन जाऊन असणाऱ्या फुगवट्याला मॉइश्चरायझर, थंड पट्टी, गरज पडली तर ॲलर्जीची गोळी एवढं पुरतं. सतत दोन-तीन आठवडे फुगलेलं असेल, वाढत असेल, पू किंवा ताप असेल, तर दाखवायलाच हवं. पंच बायोप्सी म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा सुन्न करून काढतात, आणि ॲलर्जी, ग्रॅन्युलोमा की इन्फेक्शन ते मायक्रोस्कोपखाली बऱ्यापैकी कळतं. टॅटूच्या आतला तीळ बदलत असेल तर तो वेगळा दाखवावा, गडद रंगात मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर लपून राहतो.

लालच्या ॲलर्जीला स्टेरॉइडचं मलम लावतात, जाड झालं असेल तर गाठीतच इंजेक्शन देतात, दोन्हींनी आराम पडतो पण शाई आतच असल्याने औषध थांबलं की पुन्हा उठण्याची शक्यता राहते. मग लेझरने काढून टाकू असं सगळ्यांनाच सुचतं, आणि इथेच सांभाळावं लागतं, कारण पिगमेंट फोडणारा क्यू-स्विच्ड लेझर शाईचे बारीक तुकडे करून एकदम मोकळे सोडतो आणि ॲलर्जी असलेल्या माणसाच्या अंगभर पित्त उठून क्वचित ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीपर्यंत, जाऊ शकतं. त्यापेक्षा तो रंग त्वचेसकट पातळ थरांनी तासून काढणे, किंवा त्वचा थराथराने उडवणारा सीओटू लेझर, किंवा भाग लहान असेल तर सरळ कापून टाके घालणे, हे उपाय केले जातात. पाकळ्यांच्या जागी व्रण राहतो, पण खाज बहुतेकांची थांबते, आणि काळी बॉर्डर जिथे काही दुखणं नाही ती तशीच ठेवतात.